रथामागचा बारकू

पंचवटी, नाशिक
फाल्गुन वद्य, मार्च २००६

सुभेदार धनराजराव, मुक्काम सागर, यांना नाशिकहून गंगाधरचा दंडवत. (मनातल्या मनात घातला आहे. खरोखर घातला असता तर मला उठवायला माणसं बोलवावी लागली असती आणि पत्र उद्यावर गेलं असतं.) तुझ्या साखरेचं काय म्हणणं आहे? वहिनींची कंबर उन्हाने जरा सैल झाली, की अजून तुझ्या परेडसारखी ताठच आहे? अंगणातल्या लिंबाला यंदा मोहर आला का? इकडे आम्ही खुशाल. माझे दात गेले ते सुखाने गेले, उरलेले आपसांत भांडत नाहीत. गुडघे सकाळी कुरकुरतात, दुपारपर्यंत समजुतीने घेतात. डोळे आपापल्या जागी आहेत. अक्षर जरा मोठं आणि ओळी जरा उतरत्या वाटल्या तर मनावर घेऊ नकोस. घाट उतरणीला लागला की गाडी थोडी घसरतेच.

काम काहीही नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझं पत्र आलं की वहिनी विचारतात, "भावजींना आता काय हवंय?" त्यांना म्हणावं, काही नको, नुसती आठवण आली. फोन करता आला असता, पण फोन आहे तुझ्या भाच्याच्या, बारकूच्या उशाशी, आणि तू फोनवर अजून सरहद्दीवरून बोलल्यासारखा ओरडतोस. आपलं खासगी बोलणं समोरच्या लंकाबाईच्या ओट्यापर्यंत जातं. (लंकाबाई तुला आठवत असेल. तुझ्या वरातीतल्या घोड्याला तिने शेव खायला घातली होती आणि घोडा तिच्या दारातून हलेना.)

फाल्गुन लागला, द्राक्षांच्या पेट्या रस्त्याने जायला लागल्या की मला पंतगुरुजी आठवतात. ते टेबलावर पट्टी आपटत कविता म्हणून घ्यायचे, आणि सगळा वर्ग झोपाळ्यावर बसल्यासारखा डोलायचा. तू माझ्या शेजारी बसून नुसतं तोंड हलवायचास, आवाज माझा असायचा, आणि शाबासकी दोघांना मिळायची. ती चाल माझ्या अंगातून कधी गेलीच नाही. जकात नाक्यावर सारा जन्म काढला तोही वृत्तांतच. लासलगावकडून कांद्याचे ट्रक रांगेने यायचे, मी पावती फाडता फाडता त्यांच्या इंजिनांना भुजंगप्रयात लावायचो. उशीर झाला म्हणून ड्रायव्हर शिव्या द्यायचे. बऱ्याचशा वृत्तात बसायच्या.

तर रथ. (मी रथावरच येणार होतो, मध्ये ट्रक आले.) एकादशीला मोठे रथ निघतात, त्यांचा थाट सगळा गाव जाणतो. आपल्या गल्लीच्या गोपाळकृष्णाचा धाकटा रथ चैत्री पौर्णिमेला निघतो, नदीवर जातो, आणि उन्हं कलली की चढ चढून परत येतो. आमच्या घराकडची सेवा तुला ठाऊक आहे, पण पत्र वाचून दाखवताना वहिनींना कळावी म्हणून सांगतो. घरातला एक पुरुष रथापुढे देवाकडे तोंड करून चालतो, म्हणजे सगळी वाट उलट्या पावलांनी. देवाला पाठ दाखवायची नाही आणि मान वळवून रस्ताही बघायचा नाही. रस्ता बघायचा पाठराख्याने. तो सेवेकऱ्याच्या पाठीवर तळहात ठेवून आडवा आडवा चालतो. डावीकडे दाबलं की डावीकडे व्हायचं, हात थांबला की थांबायचं. तू रजेवर आलास त्या वर्षी पाठराखा झाला होतास. गाडगे महाराज पुलाजवळ तुला कुणी मोठा साहेब दिसला आणि तू सलाम ठोकायला माझ्या पाठीवरचा हात उचललास. मी रसाच्या गाड्यावर, थेट बर्फाच्या लादीवर जाऊन बसलो. देवाकडे बघत बसलो, हे मात्र तुला कबूल करावं लागेल. मान वळवली नाही.

माझा बारकू त्या रथाच्या मागे असायचा. त्याचा जन्म तुला आठवतो का? इतकासा होता की तुझ्या बहिणीने, माझ्या गोदावरीने, त्याला कापसात ठेवला. नाव ठेवायची घाई नको, आधी जगू दे, म्हणून सगळे बारकू म्हणायला लागले. पुढे शाळेत दुसरं नाव घातलं, ते मास्तरांच्याही तोंडात बसलं नाही. नववीत गेला तेव्हा बारकू दारातून आडवा होऊन आत यायला लागला होता. मला वाटायचं, याने कविता म्हणावी. गॅदरिंगला त्याला एक लांबलचक कविता दिली, महिनाभर घोकून घेतली. पोरगा स्टेजवर गेला, नमस्कार केला आणि उभा राहिला. कविता जेवढी लांब होती तेवढा वेळ तो नुसता उभा राहिला. मग पुन्हा नमस्कार करून खाली आला. मी शरमेने चप्पल शोधत होतो. गोदावरी म्हणाली, "एक ओळ गाळली नाही हो पोराने."

पण चढावर रथ अडला की तोच लागायचा. मागच्या आडव्या लाकडाला खांदा लावून, डोकं खाली घालून रेटायचा. मी पुढे देवाकडे बघत उलटा चढतोय, हा मागे जमिनीकडे बघत रेटतोय आणि मध्ये देव. त्या दिवशी बापलेकांनी एकमेकांचं तोंड म्हणून पाहिलं नाही. रथ थबकायचा, मागून एक हुंकार यायचा आणि चाकं हलायची. त्या हुंकारावरून मला कळायचं की माझा मुलगा तिथे आहे. तेवढा आनंद मला पुढे कुठल्याच कवितेने दिला नाही. (हे पंतगुरुजींना कळवू नकोस. ते वर असले तरी पट्टी त्यांच्याजवळ असणार.)

तूच ती पाठ पाहिलीस आणि ब्याण्णव साली त्याला भरतीला घेऊन गेलास. पलटणीत आधी रस्सीखेच, मग कुणा साहेबाने त्याला रग्बीत घातलं. त्याची पत्रं तुझ्या पत्रांपेक्षा थोडी मोठी असायची: "आज खेळलो. तब्येत ठीक. जेवण बरं." काय खेळलास, ते नाही. शेवटी एका रजेत आईने हट्टच धरला तेव्हा त्याने स्वयंपाकघरात फरशीवर आठ कांदे आणि आठ बटाटे मांडले. चेंडू म्हणून मध्ये वांगं. समोरासमोर तीन तीन जण डोक्याला डोकं भिडवतात, मागचे त्यांना रेटतात, याला स्क्रम म्हणतात. पुढच्या तिघांत मधला दोघांच्या खांद्यांवर लटकलेला असतो, आणि ते दोघे म्हणजे प्रॉप. आपल्या भाषेत टेकू. समोरच्या आठ जणांचं वजन आणि पाठीमागच्या आपल्या माणसांचा रेटा, दोन्ही टेकूच्या मानेवर येतं. बारकू उजवीकडचा टेकू, पाठीवर तीन नंबर. "आणि चेंडू?" मी विचारलं. म्हणाला, "चेंडूचं काम दुसऱ्यांना असतं, बाबा." गोदावरीने मुकाट्याने दोन्ही संघ उचलले आणि वांग्यासकट भाजी केली.

एक गोष्ट मात्र त्या दिवशी मला फार आवडली. या खेळात चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही, मागेच द्यायचा. धावायचं पुढे आणि द्यायचं मागे! धनराज, ज्या माणसाने आयुष्यभर मागे बघत वाट चालली त्याच्या पोराला देवाने दुसरा कुठला खेळ दिला असता, सांग.

अठ्ठ्याण्णव साली तो भारताच्या संघात गेला. दूर देशी सामना झाला, संघातल्या कुणीतरी त्याची कॅसेट पाठवली. तालमीच्या पुंजाने (रथाचा कारभार आता त्याच्याकडे आहे, तो कमी बोलला असता तर आमदार झाला असता) भाड्याने व्हीसीआर आणला आणि आमच्या ओट्यावर टीव्ही मांडला. गल्ली लोटली. मी टीव्हीला हार घातला, तो पडद्यावर आला म्हणून काढला. सामना सुरू झाला आणि आम्ही बारकू दिसायची वाट बघत बसलो. पळताना कोणी दिसे, पडताना कोणी दिसे, बारकू काही दिसेना. अधूनमधून सोळा जण एकमेकांत घुसत आणि नुसत्या पाठी दिसत. लंकाबाई बराच वेळ बघून म्हणाली, "आरं, पन ह्यांचा रथ कुठंय? नुसतेच ढकलून राहिले!" लोक हसले. मलाही हसू आलं. तेवढ्यात गोदावरी उठली आणि काचेवर बोट ठेवून म्हणाली, "हा बघा. हा उजवीकडचा. लहानपणी रुसला की असाच कोपऱ्यात डोकं घालून उभा राहायचा." पुंजाने कॅसेट तिथेच थांबवली. पडदा थरथरत होता आणि त्यात माझ्या मुलाची पाठ थरथरत होती. तुझी बहीण त्या काचेवरचा हात काढायला तयार नव्हती. शेवटी गल्लीला खुणेने घरी जायला सांगावं लागलं.

पुढे तो पाच वर्षं देशाकडून खेळला, आणि त्या पाच वर्षांत त्याचं तोंड दिसेल असा एकही फोटो निघाला नाही. पुंजाने सत्कारासाठी फोटो मागितला तेव्हा घरात एकच होता. पुंजाचं त्यावाचून अडलं नाही. त्याने तोच मोठा करून गल्लीच्या तोंडाशी लावला: तीन धिप्पाड माणसं पाठमोरी वाकलेली, आणि खाली "आमच्या गल्लीचा गौरव". कोण गौरव, ते लोकांनी ओळखून घ्यायचं. मोर्शीकडून आलेले एक यात्रेकरू मला विचारून गेले की हा पाठदुखीचा दवाखाना किती वाजता उघडतो.

मुलीही नाकारत. "भारताकडून खेळतो" म्हटलं की मुलीचे वडील सावरून बसायचे, क्रिकेट नाही म्हटलं की पुन्हा सैल व्हायचे, आणि बारकू आत आला की त्याचे कान बघून मुलीची आई पोह्यांची बशी परत न्यायची. ते कान घासून घासून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे झाले होते. इगतपुरीच्या सविताने मात्र सांगितलं, "कान कसे का असेनात, हाक मारली की ऐकू आलं म्हणजे झालं." रेल्वेवाल्याची मुलगी, घाटातल्या पावसात वाढलेली, तिला जड गाडीची भीती नाही. ती घरात आली त्याच्या पुढच्याच वर्षी गोदावरी गेली. बारकू तेव्हा परदेशी होता. परतला तेव्हा दिवससुद्धा होऊन गेले होते. तो आईचा फोटो ठेवलेल्या कोनाड्यासमोर उभा राहिला, कवितेसारखाच. पूर्ण लांबीचा.

मी त्याचा खेळ प्रत्यक्ष एकदाच पाहिला. पुण्याला, लष्कराच्या मैदानावर. पंच मोठ्याने तीन शब्द उच्चारतो: वाका, थांबा, भिडा. आणि मग, धनराज, जो आवाज येतो तो टीव्हीत येत नाही. ओली पोती वरून टाकल्यासारखा. त्या आवाजात मला रथामागचा तो हुंकार ऐकू आला. मी उठून उभा राहिलो, मागचे लोक "बसा हो आजोबा" म्हणाले. परतीच्या एशियाड एसटीत मला दोन ओळी सुचल्या, बऱ्याच वर्षांनी:

पुढे चालती जे तयां लोक गाती,
तळाशी उभा जो तया कोण पाही?

घरी आल्यावर मी त्याला त्या चालीवर म्हणून दाखवल्या. त्याने ऐकून घेतलं, आणि म्हणाला, "बाबा, चांगलं आहे. पण टेकू तळाशी नसतो. पहिल्या रांगेत असतो." मी अजून दुरुस्ती करतोय. "पहिल्या रांगेत" वृत्तात बसत नाही.

दोन हजार तीन साली कोलंबोत त्याची मान गेली. भिडा म्हटलं, भिडले, आणि समोरची रांग कोसळली. हा खाली होता. "हातापायांना मुंग्या आल्या होत्या, आता ठीक" एवढंच त्याने कळवलं. ठीक म्हणजे मानेचे दोन मणके धातूची पट्टी लावून एकमेकांना जोडले आणि नंतर पलटणीने त्याला सन्मानाने घरी पाठवलं. गोदावरी आधी गेली ते बरं झालं असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. कोणीतरी काचेवर बोट ठेवायला हवं होतं.

आता तो सातपूरला एका कारखान्याच्या फाटकावर सिक्युरिटीत आहे. त्याची मान वळत नाही. डावीकडून गाडीने हॉर्न दिला की तो पावलांपासून सगळाच्या सगळा वळतो, सावकाश, देवळासारखा, मग सलाम करतो. कामगारांची पोरं मुद्दाम मागून हाक मारतात. तो प्रत्येक हाकेला वळतो. सविता चिडते, तर म्हणतो, "एखादी खरी असली म्हणजे?" परवा रंगपंचमी झाली, रहाड उघडली. पूर्वी याने त्या रंगाच्या हौदात उडी टाकली की निम्मा हौद बाहेर यायचा आणि लोक त्याच्या धप्प्यासाठी थांबायचे. यंदा तो काठावर उभा राहून लोकांचे सदरे सांभाळत होता.

आणि यंदा माझी रथापुढची सेवा संपली. पुंजाला मी सांगितलं की गुडघे ऐकत नाहीत, आता बारकू चालेल. रीतीप्रमाणे ती त्याच्याकडेच जाते. पुंजा उड्या मारत बारकूकडे गेला, आणि बारकू म्हणाला, मी पुढे नाही, मी मागेच. रथ रेटणार. यंदा चढाला खडी टाकली आहे, माणसं कमी आहेत. झालं! पुंजाने लगेच गावभर केलं की आंतरराष्ट्रीय खेळाडू रथाला खांदा लावणार. सविता माझ्याकडे आली. तिला रडताना मी त्याआधी कधी पाहिलेलं नव्हतं. डॉक्टरांनी तिला बजावलं आहे की या मानेवर पुन्हा तसा भार आला तर पट्टी सुटेल, आणि मग हातपाय राहतील याची खात्री नाही. बारकूला हे माहीत आहे. माहीत असून तो खांदा लावणार आहे. ती म्हणाली, "मामंजी, त्यांना मी सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं. आता तुम्ही कवितेत सांगा नाहीतर कशात सांगा, पण सांगा."

काल संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो होतो. मी बरंच पाल्हाळ लावलं, पंतगुरुजींपासून. तो ऐकत होता. मग म्हणाला, "बाबा, पुढे उभं राहून करायचं काय असतं?" मी म्हटलं, "काही नाही. बघायचं." म्हणाला, "मला बघायची सवय नाही. आणि मला तरी पुढून कोण ओळखतंय?" इतकंच म्हणाला. लंकाबाई समोर तांदूळ निवडत होती, तिचे कान आमच्या ओट्यावर. ती तिथूनच म्हणाली, "आरं बारक्या, त्या किस्नाला तरी वळखू दे! इतकी वर्सं त्याला मागून ढकलून राहिला, त्यानं कधी तुझं तोंड पाह्यलं नाय. त्याला वाटत आसंल, कोन हाय हा मेला, सारखा धक्के देतो!"

धनराज, मी देवाशपथ सांगतो, माझा मुलगा हसला. आवाज न करता, खांद्यांनी. मान हलत नाही ना. मग अंगणाकडे बघत म्हणाला, "रथाच्या दिवशीचा देव मी खरंच कधी पाहिला नाही." म्हणाला, "पाठराखा कोण असेल? पुंजा नको. पुंजा बोलत राहील." मी पटकन म्हणालो, "मी." त्याने सगळं अंग वळवून माझ्याकडे पाहिलं. "बाबा, तुमचा हात असेल तर मी पुढे चालतो. दुसऱ्या कुणाचा असेल तर मी मागे जातो." मी म्हटलं, "ठरलं." सविताने आतून येऊन दोघांच्या हातावर गूळ ठेवला. डॉक्टरांनाही तिने आजच विचारून घेतलं, चालायला हरकत नाही, फक्त पडायचं नाही. आणि गंमत बघ, ज्याला मान वळवता येत नाही त्याच्यासाठी याहून योग्य सेवा कोणती?

तेव्हा सगळं उत्तम झालं आहे. मुलगा पुढे, बाप त्याच्या पाठीशी, देव समोर. म्हटलं ना, काम काहीच नाही, नुसती आठवण आली. तुझ्या बहिणीच्या कोनाड्यात तुझ्या नावाने रोज एक उदबत्ती जास्त लावतो. वहिनींना नमस्कार, लिंबाला पाणी.

तुझा शेजारच्या बाकावरचा,
गंगाधर

ता. क. चैत्री पौर्णिमा तेरा एप्रिलला येते. सागरहून नाशिकला येणारी गाडी कोणती, ते सहज चौकशी करून ठेव. रजेचा प्रश्न आता तुला नाही.

ता. क. दुसरा. आता खरं लिहितो. हे कुणाला सांगितलेलं नाही. डोळे आपापल्या जागी आहेत असं वर लिहिलं ते खोटं नाही, पण ते जागेवर नुसते बसलेले असतात. उजव्याने गेली दिवाळी पाहिली नाही. डाव्याने समोरचा माणूस दिसतो, पण त्याच्या पायाखालचा रस्ता दिसत नाही. म्हणून सेवा सोडली. गुडघे बिचारे निरपराध आहेत. डॉक्टर म्हणाला, गेलेलं परत येणार नाही, आहे ते सांभाळा. आता मी बारकूला हे सांगितलं तर तो मागे जाऊन खांदा लावेल, आणि नाही सांगितलं तर मी त्याला त्या मानेनिशी कुठल्या पायरीवर नेऊन आपटेन कोण जाणे. रात्रभर हाच हिशोब मांडतोय. शेवटी एकच जुळणी सुचली. माझा तळहात त्याच्या पाठीवर, आणि तुझा माझ्या. तू दाबशील तिकडे मी दाबीन. कुणाला कळायचं नाही, मेव्हणा मेव्हण्याला सांभाळतोय असं वाटेल. तू ये. फक्त एवढं कर, त्या दिवशी साक्षात सरसेनापती समोरून आले तरी सलाम करू नकोस.

ता. क. तिसरा. पाकीट पुन्हा फोडलं आहे, चिकटपट्टीबद्दल माफ कर. सकाळी ड्यूटीवर निघताना बारकू म्हणाला, द्या, टपालात टाकतो. हातात घेऊन त्याने मामांचा पत्ता वाचला, पाकीट उलटून पाहिलं. मग म्हणाला, "बाबा, तिकीट मागच्या बाजूला लावलंय." मी म्हटलं, घाई झाली. नखाने तिकीट सोडवून त्याने पुढे चिकटवलं, माझ्या अक्षराखाली पत्ता पुन्हा नीट लिहिला, आणि चपला घालता घालता म्हणाला, "मामांना कळवा, तो रसाचा गाडा आता तिथे नसतो. पण पुलापाशी महापालिकेने गटार खणलंय, तिथे त्यांना हात घट्ट ठेवायला सांगा."

मी पाकीट परत घेतलं. त्याला विचारलं, "तुला केव्हापासून माहीत?" म्हणाला, "दिवाळीपासून." म्हटलं, "मग परवा हो कसं म्हणालास?" त्याने दारातून सगळं अंग वळवलं. म्हणाला, "स्क्रममध्ये कुणाला काय दिसतं, बाबा? मागे आपलं माणूस आहे एवढं पाठीला कळलं की पुरतं."

तर तू ये. येताना पांढरा सदरा आण आणि बाराच्या आधी पोच, कारण रथ तुझ्यासाठी थांबणार नाही. आम्ही दोघे थांबू.